सोडायची कॅसेट

“सोडायचं तर आवडीचं सोड गं पोरी. नावडतं सोडलं त्याला नेम न्हाईत म्हणत, सुटका म्हणत्यात.”

गुणाबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, हा आवाज अंबिकाबाईंच्या कानात दर आषाढात न चुकता उठायचा. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण एकादशी जवळ आली की त्या जणू हदगावहून पहिल्या गाडीने निघून नांदेडला येत, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सूनबाई यंदा काय सोडते ते बघत.

तसं कारणही होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात अंबिकाबाईंनी देवापुढं ताम्हनात पाणी सोडून सांगितलं होतं, चातुर्मास संपेपर्यंत कारलं खाणार नाही. सासूबाईंनी ते ऐकलं, जात्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात विचारलं, “कारलं लई आवडतंय का गं तुला?” अंबिकाबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. तेव्हाही येत नव्हतं आणि पुढंही कधी आलं नाही. त्या म्हणाल्या, “तोंडात धरवत नाही.” त्यावर सासूबाई एवढ्या हसल्या की पदर तोंडात धरावा लागला. मग डोळे पुसून त्यांनी ते सुटकेचं वाक्य सांगितलं, आणि त्या वर्षी सुनेने कारल्याऐवजी गूळ सोडला. चार महिने गुळाच्या डब्याकडं पाठ करून बसावं लागलं होतं.

तेव्हापासून आषाढी ते कार्तिकी आवडीचंच सोडायचं, ही घरची रीत झाली. वांगं सोडून झालं. चहातली साखर सोडून झाली. लोणचं झालं, दुपारची झोप झाली. एका वर्षी उमरीच्या बहिणीशी फोनवर भावजयीची गाऱ्हाणी करायचं सोडलं होतं. तो चातुर्मास सगळ्यांत कडक गेला.

यंदाचं मात्र वेगळं होतं. यंदा काय सोडायचं ते आधीच ठरलं होतं, आणि तरीही ठरत नव्हतं.

झालं असं की वैशाखात वैजनाथरावांच्या छातीत कळ आली. लेक तनुजा लातूरला असते, म्हणून त्यांना लातूरलाच नेलं. ऑपरेशन ठरलं. ते आत गेले आणि बाहेर बाकावर अंबिकाबाई आणि तनुजा. समोर पाण्याच्या कूलरवर कुणी भाविकाने विठ्ठलाची तसबीर टांगलेली होती. अंबिकाबाईंनी तिथूनच हात जोडले आणि पुटपुटल्या, “ह्यांना पायावर चालत घरी ने. माझी सगळ्यांत आवडती कॅसेट ह्या चातुर्मासात सोडीन.”

कॅसेटच का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बाकीचं सगळं कधी ना कधी देवाला देऊन झालं होतं. त्या घडीला न दिलेलं म्हणून आठवला तो कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात त्यांच्या कॅसेटी. मोबाइलवर सगळी दुनिया गाणी ऐकते, हे त्यांना माहीत होतं. पण आपल्या हाताने झाकण उघडून, फीत सैल पडली असेल तर पेन्सिलीने गुंडाळून, खट्‌कन बटण दाबून जे गाणं लागतं त्यात जीव असतो, असं त्यांचं मत. ते मत त्या कुणाला सांगत नसत. पण बदलतही नसत.

देवाने ऐकलं. वैजनाथराव बरे झाले. आणि तनुजाच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे तर तिच्या लहानपणापासूनचं. टाके ओले असतानाच तिने बापाला सगळं सांगून टाकलं.

“एक कॅसेट?” वैजनाथराव उशीवरून मान उचलून म्हणाले. “माझ्या जिवाची किंमत एक कॅसेट?”

“तसं नाही हो.”

“बाया नवऱ्यासाठी पायी तुळजापूर बोलतात. लोटांगण बोलतात. आन् तू, कॅसेट!”

“हसू नका, टाके दुखतील.”

“मी हसून न्हाई राहिलो. कोणती ते तरी बोललीस का?”

“सगळ्यांत आवडती, एवढंच बोलले.”

“म्हंजे कोरा कागद सही करून दिलास देवाला!” पाटबंधारे खात्यात सारी हयात फायली हलवलेल्या माणसाला यातली अडचण लगेच कळली. “नाव घालायचं राहिलंच की.”

तेव्हा सगळे हसले. पण घरी आल्यावर, ज्येष्ठ सरत आला तसं अंबिकाबाईंचं हसू आटत गेलं. सगळ्यांत आवडती कोणती? देवाला ते ठाऊकच असणार. आता आपल्यालाही ठाऊक झालं पाहिजे. चुकीची सोडली तर ते पुन्हा कारलंच झालं. फरक एवढाच की त्या वेळी तराजूत कारल्यासमोर काही नव्हतं. ह्या वेळी दुसऱ्या पारड्यात हे बसले होते, पायजमा-बनियनवर, पेपर वाचत. ही भीती त्यांनी बोलून दाखवली नाही. वैजनाथरावांनीही दाखवली नाही. पण डबा खाली काढला की ते चष्मा लावून जवळ येऊन बसायचे, एवढं खरं.

डब्यात माणिक-मोत्यांसारख्या कॅसेटी होत्या. उमरीच्या भजनी मंडळाची काकड आरती होती. तिच्यात मृदंग वाजवणारे त्यांचे स्वतःचे काका. गुरुद्वाऱ्याबाहेर घेतलेली शबद-कीर्तनाची होती. भाषा अर्धी कळायची, पण ऐकताना आपोआप डोक्यावर पदर यायचा. कंधारच्या उरुसातून वैजनाथरावांनी आणलेली कव्वालीची होती. समोरच्या सरजाबाईंनी दिलेली भीमगीतांची होती, आणि त्यातलं आईवरचं गाणं लागलं की अंबिकाबाई हातातलं काम खाली ठेवायच्या. सनई-चौघडा होता. सिनेमाच्या गाण्यांची होती. आणि एका कीर्तनकार बुवांची होती, ज्यात ते बुवा दर दोन अभंगांमागं संसारी पुरुषांची सालटी काढत.

“ही सोड,” वैजनाथराव बुवांच्या कॅसेटीवर बोट ठेवून म्हणाले. “डोळे झाकून सोड.”

“ती तुम्हाला नको म्हणून.”

“देवाला काय कळतंय कुणाला नको ते!”

“अहो.”

“बरं, ऱ्हायलं. पण ही सनई नको हां. सनई लई हलकी पडंल. चांगला धडधाकट पुरुष माणूस हाय मी, सनईवर नको सोडवू.”

“कव्वाली?”

त्यांचा चेहरा पडला. “कव्वाली काऊन? ती तर मला आवडती.”

असा हिशेब कुठं लागायचा?

आषाढ लागला आणि दवाखान्यात दाखवायला पुन्हा लातूरला जायचं निघालं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कागद बघितले, म्हणाले, “उत्तम. रोज चालता का काका?”

“हाव. कॅसेटीची एक बाजू सरंपर्यंत. वट्ट्यापासून फाटकापर्यंत आन् परत. बाजू सरली की बसतो.”

डॉक्टर हसले. “माझ्या बाकी पेशंटांकडं घड्याळं आहेत, तुमचं बरं आहे. काही झालं तरी हे चालणं बंद करू नका. तुमच्या गोळ्यांइतकंच ते महत्त्वाचं.”

संध्याकाळी तनुजाच्या घरी दरबार भरला. ती एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिच्या गल्लीत माणसांपेक्षा परीक्षेला बसणारी पोरंच जास्त. गच्चीवर पोरं, जिन्यात पोरं, चहाच्या टपरीवर पोरं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, कुठला पर्याय बरोबर. त्या हवेत राहून तनुजालाही जगातलं सगळं चार पर्यायांत दिसू लागलं होतं.

“आई, हे तर सोपंय. तुझ्या जावयाच्या मोबाइलच्या ग्रुपवर लोक रोज हेच भांडतात. आजवरचे सगळ्यांत आवडते अल्बम कोणते म्हणून. जेवायचं विसरतात.”

“कशासाठी? त्यांनी पण नवस केलाय का?”

“नाही गं. उगंच.”

अंबिकाबाईंना आश्चर्य वाटलं. काही सोडायचं नाही, फेडायचं नाही, तरी माणसं हा जाच स्वतःहून ओढवून घेतात!

“मी पोरांना काय सांगते?” तनुजा पुढं म्हणाली. “सगळेच पर्याय बरोबर वाटले की आधी चुकीचे खोडायचे. मी एकेक नाव घेते. चार महिने ती नसली तर चालेल का, तेवढंच सांग. चालेल म्हटलंस की खोडली. शेवटी उरेल ती तुझी. काकड आरती?”

अंबिकाबाईंनी डोळे मिटले. काकांचा मृदंग आठवला. मनात म्हणाल्या, तो तर आठवला की वाजतोच. “चालेल.”

“शबद-कीर्तन?”

“चालेल. सकाळच्या वाऱ्याला तसंही कानावर येतं.”

“भीमगीतं?”

“सरजाताईंकडं लागतात. समोरून ऐकू येतात.”

“म्हणजे चालेल. कव्वाली?”

“न्हाई चालणार,” वैजनाथराव म्हणाले.

“बाबा, तुम्हाला नाही विचारलं.”

“चालेल,” अंबिकाबाई हळूच म्हणाल्या.

सनई गेली, सिनेमा गेला, बुवा तर टाळ्यांच्या गजरात गेले. तनुजाने बोटांवर मोजून पाहिलं. “आई! सगळीच खोडली गेली. एकही उत्तर बरोबर नाही.”

“मग प्रश्नच चुकला म्हणायचा,” वैजनाथराव खूश होऊन म्हणाले. “प्रश्न चुकला की सगळ्यांना पूर्ण मार्क देतात न्हवं तुमच्यात? दे आईला, आन् जेवाय वाढ.”

जेवणं हसतखेळत झाली. पण दुसऱ्या दिवशी परतीच्या एस.टी.त अंबिकाबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. लोहा गाव मागं पडलं तरी मनातला हिशेब संपेना. पोथीत सांगतात, हळूहळू आसक्ती सुटावी. वर्षानुवर्षं एकेक सोडत आलो, तर ती खरंच सुटली की काय? सुटली असेल तर चांगलंच म्हणायचं, त्यासाठीच तर सगळं. पण मग नवस कशाने फेडायचा? ज्याच्या पेटीतच काही नाही त्याने देवाच्या पेटीत काय टाकायचं? वैजनाथराव शेजारी तोंड उघडं टाकून झोपले होते. गाडी आदळली की त्यांची मान अंबिकाबाईंच्या खांद्यावर यायची. त्या ती सरळ करत नव्हत्या. मनात एवढंच चाललं होतं, पांडुरंगा, हा माणूस तू दिलास. आता मला आवडेल असंही काही दाखव, म्हणजे ते तुला देऊन मोकळी होते.

दशमी उजाडली. उद्या एकादशी. अंबिकाबाई भगर निवडायला बसल्या होत्या, तोच सरजाबाई आल्या. सरजाबाई सिव्हिलमधल्या निवृत्त नर्स. अंबिकाबाईंहून चार वर्षांनी मोठ्या, आणि आवाजाने चाळीस वर्षांनी. दोघींची दारं समोरासमोर.

“ठरलं का गं तुझं?”

“नाही ना ताई.”

“आमच्यात बरंय बाई. आमचा वर्षावास पुनवंला बसतो. रोज विहारात वाचनाला जायचं. आमी काही सोडत न्हाई, उलट धरतो. धरायला सोपं पडतं.” त्या पाट ओढून बसल्या. “आण डबा. लाव एकेक. मी तोंडाकडं बघून सांगते.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत टेपरेकॉर्डर होता. अंबिकाबाईंनी झाकण उघडलं, आतली कॅसेट काढून पदराला पुसली, मांडीवर ठेवली आणि काकड आरती लावली. सरजाबाई तोंडाकडं बघत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “गोड हाय. पण तुझं लक्ष भगरीतल्या खड्याकडं. पुढची.”

अंबिकाबाईंनी काकड आरती काढून डब्यात ठेवली, मांडीवरची आत घातली, झाकण लावलं. मग डब्यातून शबद-कीर्तन घेतलं, झाकण उघडलं, आतली काढली, पुसली, मांडीवर ठेवली.

असं कव्वालीपर्यंत चाललं. सरजाबाई मूळच्या उतावळ्या. दवाखान्यात सुद्धा एका हाताने सुई टोचून दुसऱ्या हाताने पुढच्या पेशंटची बाही वर करायच्या.

“अगं ए! ही काय कवायत लावलीस? एक काढ, मधी ती घाल, परत ती काढ, मग दुसरी घाल. राहू दे की ती भाईर! काऊन सारखी आत घालून राहिली?”

“मशीन रिकामं राहिलं की धूळ जाते ताई.”

“मग ही कव्वाली ठेव की आत. कव्वालीला काय धूळ चालते?”

“असू दे, पण...” अंबिकाबाईंचा हात मशीनपाशी अडला. हातात ती कॅसेट होती. वरचं लेबल कधीच उडून गेलं होतं. एका कोपऱ्याला पिवळसर डाग होता, तो हळदीचा. “ही मशीनचीच आहे.”

“मशीनची म्हंजे?”

“म्हणजे... ही डब्यात नसते. ही इथंच असते.”

“कवापासून?”

अंबिकाबाईंना ते काही सांगता येईना. टेपरेकॉर्डर दोनदा बदलला होता. कॅसेट बदलली नव्हती.

आता ह्या कॅसेटीची गोष्ट घरातल्या सगळ्यांना पाठ, म्हणूनच कुणाच्या ध्यानात ती आली नव्हती. लग्नानंतर वैजनाथरावांनी इथल्याच वजिराबादेतल्या एका दुकानात कोरी कॅसेट दिली. त्या काळी दुकानदार गिऱ्हाइकाच्या पसंतीची गाणी कॅसेटीत भरून द्यायचे. वैजनाथरावांनी लाजत लाजत सिनेमाची प्रेमाची गाणी सांगून ठेवली आणि आठ दिवसांनी कॅसेट आणून बायकोच्या हातात दिली. लावली, तर आतून बँडबाजा. मग एक तेलुगू गाणं, लग्नातलं असावं, बायकांचं. मग दिमडीवरचं खंडोबाचं. मग आणखी एक तेलुगू, आणि ते रंगात आलेलं असताना मध्येच रेडिओवरचे बाजारभाव: लातूरच्या बाजारात आज तुरीला चढ, करडईला उतार. आणि पुन्हा तेलुगू, जिथं तुटलं होतं तिथून पुढं. दुकानदाराने देगलूरकडच्या कुणाची तरी कॅसेट ह्यांच्या हातात ठेवली होती आणि ह्यांची त्याच्या. वैजनाथराव धावत गेले, तर तो माणूस कधीच गावाकडं निघून गेला होता.

त्यानंतर कित्येक वर्षं वैजनाथरावांचा एकच विनोद चालला. “देगलुरात कोणीतरी बाई माझी गाणी ऐकून तिच्या नवऱ्यावर प्रेम करून राहिली. पुण्य कुणाला? त्याला!”

अंबिकाबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, “राहू द्या, ही पण बरी आहे.” आणि कॅसेट राहिली. तिच्यावर कणीक मळली गेली, तनुजा पाळण्यात झोपली, पोळ्या लाटताना तोंडातून आपोआप येऊ लागलं, तुरीला चढ, आणि लाटणं फिरवलं की करडईला उतार. त्या तेलुगू बायका काय म्हणत होत्या ते आजवर कळलं नव्हतं. कुणाला विचारायचंही सुचलं नव्हतं.

“अंबिका,” सरजाबाईंनी आवाज खाली आणला. त्यांना तो खाली आणता येतो, हे अंबिकाबाईंना पहिल्यांदाच कळलं. “तुझ्या लेकीनं इचारलं तेच इचारते. ही चार महिने नसली तर चालंल का?”

अंबिकाबाईंनी ‘चालेल’ म्हणायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि त्याबरोबर ओठांवर हसूही फुटलं. बाई, आहे अजून! पेटीत आहे काहीतरी.

“सापडली!” सरजाबाईंनी मांडी थोपटली. “पेढे आण!”

“ती न्हाई!”

हे दारातून आलं. वैजनाथराव कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. चष्मा कपाळावर, हातात पेपर.

“ती बसत न्हाई नवसात,” ते घाईघाईने म्हणाले. “चुकीची कॅसेट हाय ती. देवाला कुणी चुकीचा माल देतं का?”

“दाजी,” सरजाबाई म्हणाल्या, “काल म्हणत होता, माझ्या तोडीची पायजे.”

“तोडीची पायजेच! पण ही लई जास्त झाली. कव्वाली घ्या. मी राजीखुशीनं देतो.”

“तुमची कव्वाली कोण मागतंय!”

“बरं, मग माझं चालणं?” वैजनाथरावांनी हुकमी पान काढलं. “डॉक्टर काय म्हणला? काही झालं तरी चालणं बंद करायचं न्हाई. मी हिच्यावर चालतो. बँडवर पाय उचलतो, खंडोबाला वेग येतो, बाजारभावाला फाटकापाशी दम घेतो आन् तेलुगूवर परत येतो.”

“दुसरी लावा.”

“लावून बघितली. कव्वालीनं धाप लागते. बुवा लागले की चालायचं सोडून खाली बसून कान धरावे वाटतात. खोटं वाटत असंल तर इचारा हिला.”

खोटं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर पलंगावरून उठायलाच ते तयार नव्हते. एका सकाळी पोळ्यांच्या वेळी ही कॅसेट लागली होती, आणि भिंतीला धरून, पाय घासत, ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत स्वतःहून आले होते. अंबिकाबाईंना ते आठवत होतं. देवाने ह्यांना चालवत घरी आणलं, हे खरं. पण घरात चालवलं ते ह्या कॅसेटीने. आणि आता तीच द्यायची होती.

त्यांनी भगरीतला एक खडा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाल्या, “अहो, बसा इथं.”

ते बसले.

“मी बोलले ते तुमच्यासाठी बोलले. आता तुमच्यासाठीच मोडू कसं? त्यानं त्याचं केलं. तुम्हाला आणलं. हातचं राखून आणलं का? निम्मं आणलं का?”

वैजनाथरावांनी पेपराची घडी घातली, मग पुन्हा उलगडली. “मी मोड म्हणून न्हाई राहिलो,” ते हळू आवाजात म्हणाले. “भ्या वाटतंय, एवढंच. ती लागली की मला वाटतं, घरात सगळं जिथल्या तिथं हाय.”

“मला पण तसंच वाटतं. म्हणून तर तीच.”

सरजाबाईंनी ताट ओढून भगर निवडायला घेतली.

“मग एक करा,” अंबिकाबाई म्हणाल्या. “मी कॅसेट सोडते, तुम्ही शब्द द्या. कॅसेट नसली तरी रोज चालाल. अंगणात नाही, रस्त्यावर. सकाळी, मी न सांगता.”

“शब्द?” वैजनाथराव दचकले. त्यांच्या शब्दावर फाटकाची बिजागरी तीन दिवाळ्या लटकत होती. “उद्यापासून?”

“एकादशीपासून.”

“म्हंजे उद्यापासूनच की.”

“हो.”

त्यांनी सरजाबाईंकडं पाहिलं. तिथून मदतीचं लक्षण दिसेना. “बरं. दिला. पण मनातल्या मनात म्हणलेलं चालंल न्हवं? गुणगुणल्याशिवाय माझा पाय उचलणार न्हाई.”

ही नवी अडचण होती. अंबिकाबाई विचारात पडल्या. “माझ्या कानावर पडलं तर माझा नेम मोडेल हो.”

“आता नवऱ्यानं गुणगुणायची बी चोरी!”

“ऐका,” सरजाबाईंनी निवाडा दिला. “नेम हिचा, तुमचा न्हाई. तुमी खुशाल गा. तेलुगू गा, बाजारभाव गा. पण हिच्या कानाआड. आन् तू गं, लाटताना तुरीबिरीचं तोंडातून काढायचं न्हाई. गुणगुणलं ते बी ऐकलंच.”

अंबिकाबाईंच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. “पोळ्या लाटताना मी काय म्हणू मग?”

“विठ्ठल विठ्ठल म्हण की! एवढी देवाची बाई तू!”

तिघंही हसली. वैजनाथराव सगळ्यांत शेवटी हसले, पण हसले. उठताना मशीनकडं बघून नि:श्वास टाकत म्हणाले, “करडईला उतार.”

एकादशीला अंबिकाबाई नेहमीसारख्या अंधारातच उठल्या. अंघोळ करून ओल्या केसांना गाठ मारली, देवापुढं निरांजन लावलं. कॅसेट लाल फडक्यात ठेवली, वर तुळशीचं पान. तळहातावर पाणी घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, “ही माझी सगळ्यांत आवडती. कार्तिकीपर्यंत तुझी.” पाणी ताम्हनात पडलं. ह्या वेळी उंबऱ्यावरून कुणी हसलं नाही. फडक्याला गाठ मारून त्यांनी ते देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवलं.

मग त्या स्वयंपाकघरात आल्या. मशीनचं झाकण त्यांनी पुसून लावून ठेवलं होतं. आत काही नव्हतं. भगर धुताना तोंडाशी काहीतरी आलं, ते त्यांनी पदराचं टोक दातात धरून अडवलं. घर एवढं शांत होतं की पाण्याची पातेली सुद्धा जास्त वाजते आहे असं वाटलं. बाहेर फटफटत होतं. त्या तुळशीला पाणी घालायला अंगणात गेल्या.

मागं चपलांचा आवाज झाला. वैजनाथराव बाहेर आले होते. धुतलेला सदरा, कानाला मफलर, आषाढात! अंबिकाबाईंनी त्यांना उठवलं नव्हतं. त्यांनी बायकोकडं पाहिलं. तोंडात पाण्याची चूळ धरल्यासारखे त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि गाल थोडे फुगले होते. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी लटकतं फाटक दोन्ही हातांनी उचलून उघडलं, तसंच उचलून लावलं आणि ते रस्त्याला लागले.

अंबिकाबाई तांब्या हातात धरून बघत राहिल्या. पहिली काही पावलं अडखळत पडली. मग उजवा हात मांडीवर हळूहळू पडू लागला. बँड लागला असणार. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी पोचल्यावर ते थांबले, मागं वळून त्यांनी घराकडं पाहिलं आणि अंतराचा अंदाज घेतला. पुरेसं लांब वाटलं नसावं. तोंड तसंच मिटून ते आणखी पुढं चालू लागले.